मोजणाऱ्याला कोण मोजणार?

अलिबागला येणारे पाहुणे ओहोटीची वेळ साधून घोडागाडीने कुलाबा किल्ला पाहायला जातात. किनाऱ्याजवळच एक वेधशाळा आहे. तिच्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी ही वेधशाळा १९०४ साली मुंबईच्या कुलाब्याहून इथे आली, आणि तीही एका ट्रामच्या धास्तीने. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येऊ घातली होती (ती १९०७ मध्ये धावू लागली), आणि तिच्या विजेमुळे कुलाब्याची नाजूक उपकरणे भलत्याच नोंदी देणार हे उघड होते. म्हणून खाडीपलीकडे, ट्रामच्या वाऱ्यालाही उभे राहावे लागणार नाही अशा ठिकाणी, लोखंड टाळून नवी इमारत उभारण्यात आली.

इथवरची गोष्ट अलिबागकरांच्या कानावरून गेलेली असते. मला तिच्या पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. कुलाब्याची साखळी १८४६ पासूनची. जागा बदलली की आकडा बदलणार. पण पृथ्वी किती बदलली आणि जागेमुळे किती फरक पडला, हे वेगळे काढायचे तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. ते ठेवले म्हणून अलिबागच्या आजच्या नोंदीची सांगड राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या नोंदीशी घालता येते.

हे सारे आठवायचे कारण आपल्या खिशातला मोबाइल. बँकेची सेवा कशी वाटली, शाळेची वेळ बदलावी का, कोणता पक्ष निवडून येईल, अशा प्रश्नांचे फॉर्म त्यावर रोज येऊन आदळतात. पूर्वी पाहणी करणारा माणूस वही घेऊन दारात यायचा, ओटीवर बसायचा, पाणी मागायचा. आता पाहणी पडद्यावर आली. ती स्वस्त झाली, झटपट झाली आणि ‘दहा हजार लोकांनी मत नोंदवले’ असे म्हणण्याची सोय झाली. पण वही सोडून पडदा धरताना, मूससाहेबांनी घेतली तशी दोन वर्षे कोणी घेतली का?

उत्तरे देणारे कोण, हा पहिला घोळ. १९३६ साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने जवळजवळ एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांच्या जोरावर रूझवेल्ट पडणार असे भाकीत छापले गेले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. मोटार आणि टेलिफोन बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून पत्ते घेतले होते, शिवाय मत कळवण्याची उठाठेव करणारेही विशिष्ट वृत्तीचेच.

आता घरचे उदाहरण घेऊ. समजा, मांडव्याच्या बोटीच्या वेळा काय असाव्यात, असा एक फॉर्म व्हॉट्सॲपवर फिरला. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून हा विषय आमच्याकडे जिव्हाळ्याचा आहे. शनिवार-रविवारी बंगल्यावर येणारी मंडळी दोन मिनिटांत फॉर्म भरतील. थळच्या कोळणीचे हात तेव्हा मासळीत असतील, आणि आईला मुंबईच्या इस्पितळात नेणारा पोयनाडचा शेतकरी त्या ग्रूपवरच नसेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३ टक्के निघाल्या, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर मोबाइल वाढले, हे खरे. तरी घरातला मोबाइल नेमका कोणाच्या हातात असतो, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे.

यावर जाणकार म्हणतात, भार देऊन दुरुस्ती करता येते. शंभर बायकांपैकी दोघींनीच उत्तर दिले, तर त्या दोघींना प्रत्येकी पन्नासाच्या ठिकाणी धरायचे. हिशेब बरोबर आहे. पण त्या दोघी उरलेल्या अठ्ठ्याण्णवांसारख्याच आहेत, याला जामीन कोण?

दुसरा घोळ उत्तरांच्या खरेपणाचा. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२२ मध्ये, ज्यात कोणीही आपणहून नाव नोंदवून येऊ शकतो अशा ऑनलाइन पाहणीत, एक खोडकर प्रश्न घातला: अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना तुमच्याकडे आहे काय? तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी ‘आहे’ म्हणून सांगितले! ही सारी मंडळी समुद्रात उतरली तर आमच्या कोळ्यांना जाळे टाकायला जागा उरायची नाही. बक्षिसाचे गुण मिळतात म्हणून न वाचता भराभर ‘हो’ दाबत जाणारे यात पुष्कळ. असे सापळ्याचे प्रश्न मुद्दाम घालावेत आणि उत्तराला किती सेकंद लागले तेही तपासावे. मात्र आता उत्तरे देणारा माणूसच आहे की संगणकाचा प्रोग्रॅम, असाही संशय घ्यावा लागतो, आणि हुशार प्रोग्रॅम सापळे ओळखतात.

पडद्याची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. समोर माणूस नसला की लोक लाज सोडून खरे बोलतात. मेरीलँड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना त्यांच्या कमी गुणांविषयी विचारून उत्तरे विद्यापीठाच्या दप्तराशी ताडून पाहिली, तेव्हा फोनवर विचारलेल्यांपेक्षा ऑनलाइन उत्तर देणारे अधिक खरे निघाले. (२००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले.) म्हणजे पडदा वाईट नाही, तो वेगळा आहे. आणि वेगळेपण किती, हे मोजल्याशिवाय जुन्या आकड्यापुढे नवा आकडा मांडणे धोक्याचे.

तो धोका आपल्या देशाने अनुभवलेला आहे, आणि तोही पडदा नसताना. राष्ट्रीय नमुना पाहणीत घरखर्चाविषयी ‘गेल्या तीस दिवसांत किती?’ असे विचारत. मग प्रयोग म्हणून काही कुटुंबांना तीस दिवसांचा आणि वेगळ्या कुटुंबांना अन्नासाठी सात दिवसांचा प्रश्न विचारून पाहिला. सात दिवसांच्या उत्तरांत खर्च जास्त निघाला आणि गरिबांची संख्या जवळपास निम्मी दिसू लागली. कोणाच्याही ताटात भाकरी न वाढता! इथवर ठीक होते. पण १९९९-२००० च्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला, एकाच तक्त्यात शेजारी शेजारी विचारले गेले. साहजिकच एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली. १९९३-९४ मध्ये ३६ टक्के असलेली गरिबी २६ टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले, आणि ती घट किती खरी व प्रश्नामुळे किती, यावर पुढे कित्येक वर्षे अर्थतज्ज्ञ भांडत राहिले. पुढे नोबेल मिळवणारे अँगस डीटन त्यातलेच एक.

बँकेतल्या माणसाला हे चटकन समजते. आमच्या शाखेत संगणक आला तेव्हा काही महिने हाताने लिहिलेले लेजर आणि संगणक दोन्ही चालत. रोज संध्याकाळी दोन्हीकडची शिल्लक जुळवायची. एकच काम दोनदा कशाला, म्हणून कारकून मंडळी कुरकुरत. पण फरक कुठे पडतो ते त्या कंटाळवाण्या संध्याकाळींतच कळे.

ऑनलाइन पाहणी धड करायची तर खर्च याच ठिकाणी करावा लागतो. नेदरलँड्समध्ये २००७ पासून चालणाऱ्या ‘लिस’ पाहणीत कोणी आपणहून घुसू शकत नाही. लोकसंख्येच्या नोंदवहीतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी घरे निवडली. ज्या घरी संगणक वा इंटरनेट नव्हते तिथे ते पुरवले. आपल्याकडे तितकी ऐपत प्रत्येक संस्थेची नसेल. पण हजारभर घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत, त्यांतल्या निम्म्यांना फॉर्म पाठवावा, निम्म्यांकडे माणूस पाठवावा, फॉर्म न भरणाऱ्यांतल्या काहींच्या दारी पुन्हा जावे, आणि दोन्हीकडची उत्तरे जुळवून मगच निकाल छापावा, एवढे तरी जमण्यासारखे आहे. किती जणांनी उत्तर दिले याच्या शेजारी किती जणांना विचारले होते, हेही छापावे.

२०२७ च्या जनगणनेत आपल्या घराची माहिती आपणच ऑनलाइन भरण्याची सोय सरकारने जाहीर केली. तरी पडताळणीला प्रगणक दारी येणार, असेही ठरवले. या निमित्ताने काही गावांतली स्वतः भरलेली माहिती आणि प्रगणकाने स्वतंत्रपणे विचारलेली माहिती शेजारी शेजारी मांडून पाहता येईल. सुरुवात अलिबाग तालुक्यापासून करायला माझी हरकत नाही. सवय इथे आहे.