टिमोथीचं बिऱ्हाड

या रे बाळांनो, जवळ बसा. आज गोष्ट एका कासवाची.

इंग्लंडात हॅम्पशायरमध्ये सेलबोर्न नावाचं खेडं आहे. मागे बीचच्या झाडांनी गच्च भरलेली टेकडी, खाली चर्च.  १७२० साली गिल्बर्ट व्हाइट तिथंच जन्मले, पुढे तिथल्याच चर्चमध्ये पाद्री झाले. आपल्या गावात काय काय राहतं, हे बघायचा त्यांना केवढा ध्यास! दिसायला सारखेच असणारे इवले पर्णवटवटे. ते तीन जातींचे आहेत, हे व्हाइटसाहेबांनी नुसत्या गाण्यावरून ओळखलं. गांडुळं नसतील तर जमीन थंड आणि टणक होईल, असं त्यांनी डार्विनच्या गांडुळांवरच्या पुस्तकाआधी शंभर वर्षं लिहून ठेवलं.

तर कासव. टिमोथी त्याचं नाव. ते होतं व्हाइटसाहेबांच्या आत्याकडे, ससेक्समध्ये. खाऊ घालणारी आत्या दिसली, की ते लुटूलुटू तिच्याकडे निघायचं. इतरांची दखलही घेत नसे. नोव्हेंबर लागला की जमीन खणायचं. पुढच्या पायांनी माती उकरायची, मागच्यांनी पाठीवर टाकायची. पाय इतके हळू हलायचे, की घड्याळाचा तासकाटाच जणू! तरी साहेब बघत बसायचे. मला तर हेच फार मोठं वाटतं. भरलेल्या गाडीचं चाक झेलेल असं कवच, पण पावसाचे चार थेंब पडायची चिन्हं दिसली, की टिमोथी कोपऱ्यात तोंड लपवायचा.

आत्या गेली. १७८० च्या मार्चमध्ये साहेबांनी झोपलेल्या टिमोथीला मातीतून उकरून घोडागाडीतून ऐंशी मैल आणलं. धक्क्यांनी तो खडबडून जागा झाला. बागेत सोडला, तर टोकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी गारठा पडला तसा पुन्हा मातीत शिरला. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते ना, बाहेर थंडी तर आतही थंडी. मग मातीचं पांघरूण घ्यायचं आणि खाणंपिणं विसरून वसंताची वाट बघायची.

१७९३ मध्ये साहेब गेले, पुढच्या वर्षी टिमोथी. कवच आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. पुढे जाणकारांनी ते निरखलं, तेव्हा कळलं, अरे, ही तर मादी!

काय म्हणालीस? मग तिला आता काय म्हणायचं?

टिमोथीच, बाळा.