पट्टीतून टॅलीत: एक्सएमएलला क्लास देणारी यंत्रणा

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढली की अडत दुकानांतल्या मुनीमांना मान वर करायला फुरसत नसते. सौदा होतो, माप होते आणि शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी येते. नाव, गाव, माल, पोती, वजन, भाव, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल आणि शेवटी हाती येणारी रक्कम, एवढे सगळे त्या एका कागदावर असते. नांदेडच्या नव्या मोंढ्यातही क्रम हाच. अनेक पेढ्यांत पट्टी एका सॉफ्टवेअरमधून निघते आणि पेढीची खाती मात्र टॅलीत असतात. मधल्या अंतरात कोणीतरी बसून तेच आकडे पुन्हा टाइप करते. एखादे शून्य इकडचे तिकडे झाले, की रात्री रोजमेळ जुळत नाही.

हे अंतर मिटवणाऱ्या यंत्रणेला लोखंड लागत नाही, वीजही संगणकापुरतीच लागते. एक्सएमएल फाइल किंवा तिची स्कीमा वाचून प्रोग्रामचे क्लास, म्हणजे माहिती ठेवण्याचे साचे, आपोआप लिहून देणारे ते साधन आहे. बाजारात त्याची चर्चा होत नाही, पण हिशोबाची आणि बँकेची कितीतरी कामे त्याच्या जोरावर चालतात.

एक्सएमएलमध्ये प्रत्येक माहितीला नावाचा टॅग लागतो आणि टॅगच्या आत टॅग बसतात. 10 फेब्रुवारी 1998 रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याची पहिली शिफारस जाहीर केली. नुसते टॅग पुरेनात, तेव्हा 2 मे 2001 रोजी एक्सएमएल स्कीमा आली. कोणता टॅग सक्तीचा, कोणता किती वेळा येऊ शकतो, कुठे तारीख हवी आणि कुठे दशांशाचा आकडा, हे नियम तिच्यात लिहिलेले असतात. प्रोग्रामला मात्र टॅग नकोत, त्याला क्लास हवेत. पट्टीचा एक क्लास, त्यात शेतकरी, मालाच्या ओळींची यादी आणि कपातींची यादी. हे हाताने लिहायचे म्हटले तर मोठ्या स्कीमेसाठी आठवडे जातात. म्हणून जावासाठी जॅक्सबी आणि तिचे एक्सजेसी हे साधन आले, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटसाठी एक्सएसडी डॉट ईएक्सई आले. स्कीमा आत टाकायची, क्लास बाहेर घ्यायचे. पुढे फाइल वाचली की त्या क्लासच्या वस्तू (ऑब्जेक्ट) तयार होतात आणि वस्तू लिहिल्या की फाइल तयार होते.

स्कीमा हाताशी नसते तेव्हा खरी परीक्षा होते. अशा वेळी प्रोग्रामर नमुन्याची एक फाइल घेतो आणि तिच्यावरून क्लास काढतो. व्हिज्युअल स्टुडिओत त्यासाठी ‘पेस्ट एक्सएमएल अ‍ॅज क्लासेस’ ही सोय आहे. समजा, नमुन्याच्या पट्टीत चाळीस पोती होती. साधन आकडा पाहते आणि त्याला सर्वांत लहान खाना देते, बाइटचा. त्या खान्यात 255 पर्यंतच आकडे मावतात. पुढच्या आठवड्यात 300 पोत्यांची पट्टी आली, की प्रोग्राम ती वाचायलाच नकार देतो. नमुन्यात मालाची एकच ओळ असेल, तर साधन यादी न बनवता एकच वस्तू बनवते. मग सोयाबीनसोबत तूरही आणणाऱ्या शेतकऱ्याची दुसरी ओळ कुठे बसवायची? तुरीचा एचएसएन हा वस्तू-वर्गीकरणाचा क्रमांक 0713 ने सुरू होतो. त्याला आकडा समजून घेतले, तर पुढचे शून्य गळते आणि 713 उरतो. साधनाने दिसेल तेवढे पाहून अंदाज बांधलेला असतो. दिसले नाही ते सांगायला माहीतगार माणूसच लागतो.

टॅलीच्या बाजूने पाहिले, तर काम आणखी रंगतदार होते. 1986 साली श्यामसुंदर गोएंका आणि भरत गोएंका या पितापुत्रांनी सुरू केलेल्या बंगळूरच्या कंपनीचे हे उत्पादन आज मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावीही शिकवले जाते. टॅली एक्सएमएल घेते आणि देते. ती सर्व्हर म्हणून चालवली, तर आधीपासून ठरलेल्या 9000 क्रमांकाच्या पोर्टवर ती संदेश ऐकते. सगळ्यात बाहेर एन्व्हलप, मग हेडर आणि बॉडी, आत टॅलीमेसेज आणि त्याच्या आत व्हाउचर. प्रत्येक खात्याची नोंद ज्या टॅगमध्ये असते, त्याच्या नावात टिंब आहे: ‘ऑललेजरएन्ट्रीज डॉट लिस्ट’. एक्सएमएलला टिंब चालते, जावा आणि सी शार्पच्या नावांना चालत नाही. म्हणून साधन टिंब गाळून नवे नाव बनवते आणि मूळ नाव टिपणासारखे जवळ ठेवते, म्हणजे परत लिहिताना टॅली ते ओळखते.

समजा, 18 ऑक्टोबर 2024 ची एक पट्टी आहे. 24 क्विंटल सोयाबीन, भाव 4,500 रुपये, एकूण 1,08,000. हमाली-तोलाईचे 600 वजा जाऊन शेतकऱ्याला 1,07,400. टॅलीत तारीख 20241018 अशी सलग आठ अंकांत जाते. स्कीमेचा तारीख हा प्रकार मात्र मधे आडव्या रेघा मागतो, त्यामुळे तो लावला की वाचन तिथेच थांबते. तारखेचा हा खाना मजकूर म्हणून ठेवावा लागतो आणि बदल स्वतः लिहावा लागतो. रकमांचे चिन्हही विचार करायला लावते. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावेची बाजू उणे चिन्हाने येते. म्हणजे खरेदी खात्यापुढे उणे 1,08,000, शेतकऱ्यापुढे 1,07,400 आणि हमाली-तोलाईच्या देण्यापुढे 600. तिन्हींची बेरीज शून्य. क्लास कितीही नेटका निघाला, तरी उणे म्हणजे नावे हे त्याला कळत नाही. ते मुनीमाने सांगायचे असते.

टॅलीतून बाहेर आलेल्या फाइलमध्ये गटांच्या यादीत ‘प्रायमरी’ या शब्दाआधी कधी कधी चार क्रमांकाचे नियंत्रण-चिन्ह येते. एक्सएमएलच्या पहिल्या आवृत्तीत ते निषिद्ध आहे. काटेकोर वाचक तिथेच अडतो आणि पुढचे एक अक्षरही वाचत नाही. म्हणून अनुभवी प्रोग्रामर फाइल क्लासकडे पाठवण्याआधी ते चिन्ह चाळून काढतो.

स्कीमा आधी आणि क्लास नंतर, हा क्रम किती उपयोगी ठरतो ते बँकेच्या कामात दिसते. खरेदीदार मोठी रक्कम आरटीजीएसने पाठवतो. रिझर्व्ह बँकेची नवी आरटीजीएस व्यवस्था 19 ऑक्टोबर 2013 पासून आयएसओ 20022 या मानकावर चालते आणि त्या मानकाच्या स्कीमा सर्वांना खुल्या आहेत. त्यात रकमेच्या प्रकाराला एकूण 18 अंकांची आणि दशांशानंतर पाच अंकांची मर्यादा आहे, चलनाला तीन मोठ्या अक्षरांची. हे नियम मोंढ्यातल्या दोन पोत्यांच्या नमुन्यावरून कोणालाही काढता आले नसते. 2016 साली सुरू झालेल्या यूपीआयच्या मूळ आखणीतही बँका आणि यूपीआय चालवणारी एनपीसीआय यांच्यातले संदेश एक्सएमएलचेच आहेत. चहाच्या टपरीवर क्यूआर स्कॅन करून दहा रुपये देणाऱ्याच्या मागे देणारा, घेणारा आणि रक्कम असे टॅग असतात.

या साधनांनाही वय असते. जॅक्सबी बरीच वर्षे जावाच्या सोबतच मिळायची. 2018 साली जावा 11 मधून ती काढली गेली आणि आता एक्लिप्स फाउंडेशनकडे जकार्ता या नावाखाली ती वेगळी जोडून घ्यावी लागते. जुन्या पुस्तकावरून शिकणारा विद्यार्थी इथे हमखास अडखळतो.

मराठवाड्यात असे विद्यार्थी भरपूर आहेत. नांदेडला विष्णुपुरीत 1981 पासून श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, 17 सप्टेंबर 1994 पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हिशोबपट्टीइतका सकस विषय जवळपास दुसरा सापडणार नाही. त्यासाठी आधी एखाद्या मुनीमाशेजारी बसून स्कीमा लिहावी लागेल: मालाची ओळ एक ते अनेक, पोती पूर्णांक, वजन क्विंटलमध्ये दोन दशांशांपर्यंत, उचल असेल तर, हमाली आणि तोलाई वेगवेगळ्या, एचएसएन मजकूर म्हणून. टॅगची नावे देवनागरीत ठेवली तरी एक्सएमएलला चालतात आणि जावाच्या क्लासलाही चालतात. त्यामुळे पेढीवरचा माणूस स्कीमा वाचून चूक दाखवू शकतो.

चाचणीलाही स्वच्छ, एका ओळीची पट्टी घेऊ नये. दोन प्रकारचा माल, 300 पोती, वजा झालेली उचल आणि पैशांत अडकलेला शेवटचा आकडा अशी गुंतागुंतीची पट्टी आधी घालावी, टॅलीत नेऊन परत बाहेर काढावी आणि दोन्ही फाइली शेजारी ठेवून प्रत्येक रक्कम ताडून पाहावी.