पडीक रानाची पुन्हा लागवड : चौसाळा परिसरासाठी काही सूचना

बीड तालुक्यातील चौसाळा हे गाव बीडच्या दक्षिणेस, धुळे–सोलापूर महामार्गावर, बालाघाटच्या पठारी मुलुखात वसले आहे. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ६५० मिलिमीटर असले, तरी पाऊस वेळेवर व सारखा पडेल याचा भरवसा नसतो. १९७२, २०१२ व २०१५ या सालांतील अवर्षणे या भागाने सोसली आहेत. शिवाय दसऱ्यानंतर अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि रब्बी पिकाची राखण करण्यास घरी कोणी उरत नाही. एक हंगाम चुकलेले रान मग वर्षानुवर्षे पडून राहते. असे रान पुन्हा पिकते करणे शक्य आहे. मात्र कामाचा क्रम चुकता कामा नये.

प्रथम पाणी अडवावे

रान पडीक पडले की आधी बांध फुटतात, मग वरची कसदार माती वाहून जाते. म्हणून बी व खत यांवर पैसा घालण्यापूर्वी उन्हाळ्यात बांध दुरुस्त करावेत आणि नांगरट उताराला आडवी करावी. हरळी व कुंदा यांच्या काशा नांगरटीनंतर वेचून उन्हात वाळवाव्यात. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वीच हातमोजे घालून उपटावे. फुलावर आल्यानंतर उपटल्यास बी सर्वत्र पसरते.

त्यानंतर रानात तीन-चार ठिकाणी खड्डे घेऊन मातीची खोली पाहावी. एका वितीवर मुरूम लागल्यास ती जमीन धान्यपिकाची नव्हे. तेथे गवत व फळझाडेच शोभतात. दोन विती माती असल्यास खरिपाची पिके घ्यावीत. त्याहून खोल माती असेल तेथेच रब्बी ज्वारीचा विचार करावा. याच वेळी मातीचा नमुना तपासणीसाठी पाठवावा.

पहिल्या वर्षी ताग

खोल मातीच्या पडीक रानास पहिल्या खरिपात तागाचे हिरवळीचे खत द्यावे. तागाच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत साठवितात आणि त्याच्या दाट वाढीखाली तण दबते. एकरी २० ते २५ किलो बी पेरावे. पीक ४५ ते ५० दिवसांचे होऊन फुलावर येऊ लागताच नांगराने गाडावे. त्यापुढे देठ निबर होतात व लवकर कुजत नाहीत. जूनअखेर पेरलेला ताग ऑगस्टच्या मध्यास गाडला, तर सप्टेंबरअखेर रब्बी ज्वारीची पेरणी होईपर्यंत त्यास कुजण्यास अवधी मिळतो. गाडल्यानंतर जमिनीत ओल असणे अवश्य आहे. म्हणून पावसाने ओढ दिल्यास गाडण्याचे काम लांबवू नये.

पुढील वर्षी बाजरी व तूर यांचे मिश्र पीक घ्यावे. बाजरी लवकर निघते व चारा देते. तुरीची मुळे खोल जातात आणि तिचा पाला गळून जमिनीस मिळतो. बदनापूर येथील कृषि संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा वाण १५० ते १५५ दिवसांत तयार होत असल्याने मध्यम जमिनीस सोयीचा आहे. तुरीच्या बियाण्यास पेरणीपूर्वी १० किलोस २५० ग्रॅम रायझोबियम चोळावे. शेताच्या कडेने अंबाडीच्या ओळी टाकाव्यात. कोवळ्या पाल्याची भाजी होते व वाखाचे दोर होतात. वाखासाठी पेंढ्या पाण्यात कुजवाव्या लागतात. पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात त्या कदापि घालू नयेत.

भांगेच्या लागवडीविषयी

अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी. दोहोंची पाने दिसण्यात सारखी असली, तरी झाडे सर्वस्वी भिन्न आहेत. अंबाडी व ताग यांस कायद्याची आडकाठी नाही, भांगेस आहे.

परदेशांत व आपल्याही देशात भांगेची लागवड कायदेशीर झाली, असे ऐकून शेतकरी विचारणा करतात. १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमान्वये भांगेच्या झाडाची लागवड निषिद्ध आहे. धागा व बी यांच्या औद्योगिक उपयोगापुरती ती करू देण्याचा अधिकार शासनास आहे. त्याप्रमाणे उत्तराखंडाने २०१८ मध्ये अल्प मादकतेच्या जातींसाठी परवाने देण्यास प्रारंभ केला. परंतु तो परवाना त्या राज्यापुरताच असून चौसाळ्याच्या शेतकऱ्यास त्याचा आधार घेता येत नाही. बियांच्या खाद्यपदार्थांस २०२१ मध्ये मान्यता मिळाली, म्हणून लागवडीस मुभा मिळाली असेही नव्हे.

सबब, कोणी बी देऊन मालाच्या खरेदीचा करार करू लागल्यास त्यावर अंगठा वा सही करू नये. बेकायदा लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या जमिनीत अशी लागवड झाल्याचे ठाऊक असून न कळविणारा जमीनधारकही शिक्षेस पात्र ठरतो. सरपंच, पंच व शासकीय कर्मचारी यांच्यावरही ही खबर देण्याचे कर्तव्य आहे. म्हणून ऊसतोडणीस जाताना शेत बटईने दिले, तरी कोणी विश्वासू माणूस अधूनमधून रानात फिरेल अशी तजवीज करावी.

माळावर सीताफळ

उथळ बरड जमिनीस सीताफळ हे योग्य झाड होय. ते बालाघाटच्या डोंगरांत आपोआप वाढते आणि बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ५ बाय ५ मीटर अंतरावर दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे उन्हाळ्यात घेऊन पावसाच्या आरंभी कलमे लावावीत. एकरी सुमारे १६० झाडे बसतात. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात मडक्याने पाणी द्यावे व बुंध्याभोवती काडीकचऱ्याचे आच्छादन करावे. झाडे मोठी होईतो ओळींमध्ये मटकी किंवा हुलगा घेता येतो. पानगळ होणारे हे झाड उन्हाळ्यात विश्रांती घेते, त्यामुळे स्थिरावल्यावर त्यास थोडक्या पाण्यावर तग धरता येतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका कुटुंबास सर्व रान एकदम फोडण्यास सांगू नये. पहिल्या वर्षी एक एकर घ्यावा, त्याचे बांध पुरे करावेत व ताग गाडावा. घरच्या माणसांना पेलवेल एवढेच रान हाती घेतले, तर ते पुन्हा पडीक पडत नाही.