गाढविणीचे दूध : गुण किती, समजूत किती?

गल्लीत "गाढविणीचं दूध!" अशी आरोळी उठली की आजीबाई तान्ह्याला घेऊन उंबऱ्यावर येतात. मालक गाढवीण दारात उभी करून चमचाभर दूध समोर काढून देतो. त्याने कफ सुटतो, मूल लवकर बोलू लागते, अशी समजूत आहे. या समजुतीला नुसते हसणारा आणि डोळे मिटून ती मानणारा, दोघेही चुकतात. तेव्हा आधी त्या दुधात आहे काय, ते पाहू.

१०० ग्रॅम गाईच्या दुधात प्रथिने सुमारे ३.३ ग्रॅम असतात, आईच्या दुधात १ ग्रॅमच्या आसपास आणि गाढविणीच्या दुधात दीड ते पावणेदोन. दुधातली साखर गाईची पावणेपाच ग्रॅम. आईची आणि गाढविणीची मात्र साडेसहा-सातच्या घरात. पोटात घट्ट गोळा बांधणारे केसीन हे प्रथिन गाढविणीच्या दुधात कमी असते, म्हणून ते पचायला हलके. लायसोझाइम नावाचा जंतुनाशक घटक त्यात लिटरला सुमारे १ ग्रॅम सापडतो. गाईच्या दुधात तो नावापुरताच. चरकसंहितेतही एकशफ, म्हणजे एका खुराच्या प्राण्यांच्या दुधाचे गुण वेगळे सांगितले आहेत. १८८० च्या दशकात पॅरिसच्या एका बालरुग्णालयात रोगी तान्ह्यांना थेट गाढविणीला पाजत असत. अलीकडे इटलीतील डॉक्टरांनी गाईचे दूध न सोसणाऱ्या मुलांना ते देऊन पाहिले, आणि बहुतेकांना ते सोसले. तेव्हा आजीबाईंचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. आईच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार ग्रॅम असतो, तर गाढविणीच्या दुधात बहुधा एक ग्रॅमही भरत नाही. आईच्या १०० ग्रॅम दुधातून ६५ ते ७० कॅलरी मिळतात, याच्यातून ४० च्या आसपास. केवळ यावर वाढवलेले मूल उपाशी राहील. म्हणूनच इटलीतील डॉक्टर त्यात मोजून तेल मिसळत. आणि चमचाभर म्हणजे किती? ५ ग्रॅम. त्यात प्रथिन एक दशांश ग्रॅमदेखील नाही. एवढ्याने मूल बळकट होत नाही आणि वाचाही फुटत नाही. उलट न उकळलेल्या दुधातून जंतू मात्र पोटात जाऊ शकतात.

विकणाऱ्याला लुटारू म्हणण्याचे कारण नाही. गाढवीण वर्षभर गाभण राहते, शिंगरू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाही आणि दिवसाला फार तर लिटरभर दूध देते. माती-विटा वाहण्याचे काम ट्रॅक्टरने घेतले. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ मध्ये ती १ लाख २० हजारांवर आली. विकणारा गरीब, घेणाराही गरीब, असा हा व्यवहार आहे.

खरे नुकसान पैशाचे नाही, वेळेचे आहे. आमच्या वस्तीत एका कामगाराच्या सहा महिन्यांच्या नातीला खोकला झाला. दोन दिवस चमचा-चमचा हे दूध पाजले. तिसऱ्या दिवशी छाती आत ओढली जाऊ लागली, तेव्हा धावपळ करून इस्पितळ गाठले. पोर वाचली, पण ते दोन दिवस दुखण्याला फुकट मिळाले होते. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक होत असेल, तर दारातल्या गाढविणीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

एवढी उठाठेव ज्या दुधाच्या जवळपास जाण्यासाठी, ते दूध आईजवळ आहे. पहिले सहा महिने दुसरे काही लागत नाही. पण कामावर जाणारी आई पाजणार कधी? १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुटी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा २६ आठवड्यांची केली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे हक्क राखले आहेत. मात्र घरकाम करणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या बहुसंख्य बायांच्या हाती ही रजा पडत नाही. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचे मूल तान्हे असेल, तर तिला घटकाभर घरी जाऊ द्या आणि पगार कापू नका. त्या घटकेत बाळाच्या पोटात जे जाईल, ते कोणत्याही चमच्यात मावणारे नाही.