देणाऱ्या हातालाही कधी घ्यावं लागतं

आज आपण म्हातारपण, आजारपण आणि पैसा या तीन गोष्टींवर बोलणार आहोत.

आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कोणी आजारी पडलं, तर कोणी तांदूळ नेऊन देतं, कोणी शंभर रुपये हातावर ठेवतं, कोणी गाडी बोलावून आणतं. आवणीच्या दिवसांत आपण एकमेकींच्या शेतावर राबतो. देणं आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. अडतं ते घेण्यापाशी, आणि सगळ्यात जास्त अडतं म्हाताऱ्या बायांचं.

जिने आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं, ती आजी स्वतःचं दुखणं बोलत नाही. दिवाळीनंतर पोरं वीटभट्टीवर गेली, सून बरोबर गेली. आजी घरी नातवंडं सांभाळते. डोळ्याला कमी दिसतं, चक्कर येते, पण ती म्हणते, "होळीला येतील तेव्हा बघू. आता त्यांना कशाला खर्चात घालू?"

यात तिची माया आहे, पण खर्च काही वाचत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात फुकट होतं. ते राहून गेलं आणि अंधारात आजी पडली, तर खुब्याचं हाड मोडतं. बीपीची गोळी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. ती घेतली नाही तर लकवा मारू शकतो. मग रात्री धावपळ, दिसेल तो दवाखाना आणि हजारोंचं बिल. पोरांना त्रास नको म्हणून लपवलेलं दुखणं शेवटी पोरांच्याच डोक्यावर कर्ज होऊन बसतं.

कर्ज काय करतं हे आपल्या भागाला सांगायला नको. आपल्या आजे-पणज्यांच्या काळात लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले, की नवरा-बायको दोघंही त्याच्याकडे राबत राहायची. त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ साली तलासरीजवळ झरी गावात वारली माणसं जमली, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर उभे राहिले आणि लग्नगडी व वेठबिगारीची पद्धत मोडली. आज लग्नापेक्षा आजारपणाचं कर्ज घर बुडवतं. हिशेब करून बघा. महिना शेकडा पाच रुपये व्याजाने १०,००० रुपये घेतले, तर वर्षाला ६,००० रुपये नुसतं व्याज जातं. मुद्दल तसंच राहतं.

म्हणून पैसे उभे करण्याआधी आपल्या हक्काचं काय आहे ते बघू.

पहिलं, सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत केस पेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, कासा आणि डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय यांत येतात. दुखणं लहान असतानाच इथे जायचं.

दुसरं, मोठा आजार आणि ऑपरेशन. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना यांतून एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पैसे हातात येत नाहीत. योजनेतलंच रुग्णालय लागतं आणि आजारही योजनेच्या यादीतला असावा लागतो. म्हणून भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला भेटायचं. बिल हातात पडल्यावर कार्ड दाखवून फारसा उपयोग होत नाही. आपल्याकडची माणसं वलसाड, सिल्वासालाही जातात. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरही चालतं, पण तिथलं रुग्णालय योजनेत आहे का ते आधी १४५५५ या नंबरवर विचारून घ्या.

तिसरं, सत्तरी ओलांडलेल्यांसाठी. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही. पण वय आधार कार्डावरून धरतात. आपल्या कितीतरी आज्यांची जन्मतारीख आधारवर अंदाजाने लिहिली आहे. ती चुकीची असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो. आजी चालती-फिरती आहे तोवरच हे करून घ्या.

चौथं, मुंबईला जायची वेळ आली तर. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने ही योजना लागू झाली. रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवायचा आणि तिथल्या समाजसेवकाला भेटायचं.

हे सगळं असूनही काही खर्च उरतोच. सोबत गेलेल्या बाईचा रोज बुडतो. गाडीभाडं लागतं, चार दिवस बाहेर जेवावं लागतं. गटाची मदत लागते ती इथे. बारा जणींच्या गटाने महिन्याला प्रत्येकी २० रुपये वेगळे काढले, तर वर्षाला २,८८० रुपये जमतात. त्यात ऑपरेशन होत नाही, पण आजीला वेळेवर दवाखान्यात नेणं नक्की होतं.

आणि पैशापेक्षा मोठं देणं म्हणजे सोबत. खिडकीवर बोलणारी, कागद वाचणारी, रात्री खाटेशेजारी बसणारी एक बाई असली, की आजीची अर्धी भीती जाते. याची पाळी लावता येते, जशी आपण आवणीची लावतो.

देताना बोलण्याची पद्धतही सांभाळायला हवी. "काही लागलं तर सांगा" म्हटलं की आजी कधीच सांगत नाही. त्यापेक्षा "आजी, मंगळवारी मी दवाखान्यात चालले आहे, तुम्ही पण चला" असं म्हणावं. दिलेलं चारचौघांत मोजून दाखवू नये. तिच्याकडूनही काही घ्यावं. तिने टोपलीभर भाजी दिली तर नको म्हणू नये. सारखं घ्यावं लागलं की माणूस खाली मान घालतं. थोडं देता आलं की ताठ बसतं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आपापल्या पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांची यादी करा. प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी विचारा: कार्ड आहे का, शेवटची तपासणी कधी झाली, आणि रात्री-अपरात्री १०८ ला फोन कोण करणार? ज्या घरात तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही, तिथे आपल्यातल्या एकीचं नाव लिहा. आणि तिचा मोबाइल नंबर आजीच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून या.