कुत्र्याचे पाय आणि आपली फरशी



आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात मृगाचा पाऊस कधी येतो, कधी हुलकावणी देतो. खरा जोर धरतो तो सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताच्या सुमाराला. नीरा डाव्या कालव्याखालचा ऊस तेव्हा डोक्याच्या वर गेलेला असतो आणि वस्तीचा रस्ता ट्रॅक्टरनं कालवून ठेवलेला असतो. अशात घरी वर्ष-दीड वर्षाचं चपळ कुत्रं असलं, तर ते उसाच्या सरीतून सुटतं ते थेट सोप्यात येऊन अंग झाडतं. मग आपण दिवसातून चार वेळा फरशी पुसत बसतो. हे काम कमी कसं करायचं आणि त्यात खरी काळजी कशाची घ्यायची, ते आज पाहू.

आधी आपला चिखल ओळखू. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात. पाणी प्यालं की ती फुगते आणि चिकटते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या यामुळंच. म्हणून कुत्र्याचे चिखलाचे पाय नुसत्या फडक्यानं पुसले, तर चिखल निघत नाही. केसांत आणि बोटांच्या फटीत आणखी भरतो. त्यापेक्षा दोनातलं एक करा. घाई असेल तर पाय टमरेलभर पाण्यानं नीट धुवा आणि कोरडे करा. नाहीतर कुत्र्याला पडवीत बांधून चिखल वाळू द्या आणि जुन्या ब्रशनं झाडून काढा. सुपे-मोरगावच्या जिरायती बाजूला पाणी जपून वापरावं लागतं, तिथं ही दुसरी रीत सोयीची.

दाराशी तीन गोष्टी असू द्या. पायरीच्या पुढं दोन-तीन पावलं मुरूम किंवा बारीक खडी टाका, निम्मा चिखल तिथंच सुटेल. पायरीवर गोणपाट अंथरा. खताची प्लॅस्टिकची पोती नकोत. ती पाणी शोषत नाहीत आणि त्यांत खताचा अंश असतो, कुत्रं तेच पाय चाटतं. गोणपाटं दोन ठेवा, एक वापरात, एक वाळत. आणि दाराशेजारी खुंटीला एक जुनं सुती फडकं टांगा, फक्त कुत्र्याचं.

आता सवय. कुत्र्याला रोज एकाच दारानं आत घ्या. गोणपाटावर आलं की ‘थांब’ म्हणा, पाय पुसा आणि भाकरीचा तुकडा द्या. घरातल्या सगळ्यांनी हेच केलं, तर काही आठवड्यांत ते आपणहून थांबायला लागतं. एकानं थांबवायचं आणि दुसऱ्यानं तसंच आत सोडायचं, असं झालं की सवय लागत नाही. पाय पुसण्याचं काम पोरांकडं द्या, घरधन्याकडंही द्या. कुत्रं घरातल्या सगळ्यांचं आहे, मग ते एकट्या बाईचं काम का?

तरुण कुत्र्याला दिवसभर बांधून ठेवणं हा काही उपाय नव्हे. ते जागच्या जागी माती उकरतं, भुंकतं आणि सुटलं की दुप्पट उधळतं. सकाळ-संध्याकाळ डांबरी रस्त्याच्या कडेनं किंवा मुरमाड माळावर त्याला पळवून आणा. दमलेलं कुत्रं पडवीत निवांत पडतं.

आता मुख्य गोष्ट. चिखलासोबत डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीही घरात येतात. कुत्र्याच्या पोटात जंत असले, तर त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. गोल जंतांची अंडी ताज्या विष्ठेत बाधक नसतात. ओल्या मातीत दोन ते चार आठवडे राहिली की बाधक होतात आणि पुढं कित्येक महिने टिकतात. फरशीवर रांगणारं आणि हात तोंडात घालणारं मूल सगळ्यात आधी त्यांच्या तावडीत सापडतं. अंकुशकृमीच्या अळ्या तर ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. उंदराच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो, तो माणसालाही होतो आणि कुत्र्यालाही.

म्हणून फरशीच्या आधी अंगण. कुत्र्याची विष्ठा रोजच्या रोज, पाऊस वाहून नेण्याआधी खोऱ्यानं उचला आणि विहिरीपासून व परसबागेपासून लांब खोल खड्ड्यात पुरा. शेणखतात किंवा गांडूळखतात ती टाकू नका. रोज उचललेल्या विष्ठेतल्या अंड्यांना बाधक व्हायला वेळच मिळत नाही. चिखलात काम करताना चप्पल-बूट घाला, पायाला जखम असेल तर झाकून घ्या. कुत्र्याला हात लावल्यावर, भाकरी थापण्याआधी आणि बाळाला घेण्याआधी हात साबणानं धुवा.

फरशीवरची माती आधी झाडून घ्या, मग साबणाच्या पाण्यानं पुसा आणि कोरडी करा. फिनाइल वापरलं तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला आत घेऊ नका. फिनाइल, रॉकेल किंवा डिझेल त्याच्या अंगाला-पायाला कधीच लावू नका. कातडी भाजते आणि चाटल्यावर विषबाधा होते. गोचीड झाली असली तरी औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच लावा.

मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यावं लागतं, पिल्लांना त्याहून लवकर लवकर. मात्रा वजनावर ठरते. रेबीजची लस दर वर्षी द्या आणि त्याच वेळी लेप्टोच्या लशीबद्दलही विचारा.

पण एका घरानं औषध दिलं आणि शेजारच्या चार घरांनी दिलं नाही, तर अंगण पुन्हा तसंच. म्हणून पुढच्या बचत गटाच्या बैठकीत वस्तीवर किती कुत्री आहेत, त्यांतल्या कुणाला शेवटचं औषध कधी दिलं, हे एका वहीत लिहून काढा. ती वही घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि सगळ्यांसाठी एकच दिवस ठरवून घ्या. चिखल दिवाळीपर्यंत आपोआप वाळेल, पण त्यात पडलेली अंडी मागं राहतील. ती पडूच नयेत याची तयारी आत्ताच करायची आहे.