आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून?

दुधावर साय धरली नाही की आमच्या घरी दूधवाल्याच्या सचोटीची चर्चा सुरू होते. तुमच्याही घरी होत असेल. ‘पाणी घातले असणार!’ हा निकाल मीही वर्षानुवर्षे बसल्या जागी देत आलो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मुलचेऱ्याला गेलो, आणि त्या बिचाऱ्यावर आपण थोडा अन्यायच केला असावा, अशी शंका आली.

माझा एक जुना विद्यार्थी तिथे शिक्षक आहे. चंद्रपूर, गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल, आष्टी आणि मग जंगलातला रस्ता, असे करीत त्याच्या घरी पोचलो, तर पुढ्यात आला बिनदुधाचा चहा. अंगणात दोन गाई बांधलेल्या असताना! कठाणी जातीच्या, लहान चणीच्या, काटक. विद्यार्थी ओशाळून म्हणाला, “सर, ह्या वासरापुरतंच देतात.” त्याचे वडील गोंड शेतकरी, साठी उलटलेले. ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, वासराचं दूध आपन कायले काढावं?”

मला हा भाबडेपणा वाटला. पण मेख तिथेच होती. माडिया-गोंडांत गाईची धार न काढण्याची जुनी चाल. जिथे दूध मोजलेच जात नाही, तिथे जास्त दुधाच्या गाईचा गोऱ्हा वळू म्हणून कोण राखणार? इथल्या शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या निवडला तो धानाच्या बांधीत, चिखलात नांगर ओढणारा बैल. ह्याच गुणासाठी नावाजलेल्या कठाणीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली ती 2023 मध्ये. तिकडे युरोपात निवड झाली ती बादली पाहून. म्हणून होल्स्टीन दूध पुष्कळ देते, पण पातळ. जर्सी त्याहून कमी देते, पण दाट.

चारापाण्याचा वाटा मोठाच. एकाच कळपातल्या गाईगाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे पाव ते एकतृतीयांश आनुवंशिक असतो. स्निग्धांशाच्या, म्हणजे डेअरीवाल्यांच्या ‘फॅट’च्या, टक्केवारीत मात्र निम्म्याच्या आसपास! 2002 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी गाईच्या चौदाव्या गुणसूत्रावरचे एक जनुक दाखवून दिले. त्याचे एक रूप स्निग्धांश वाढवते आणि दूध घटवते. दुसरे नेमके उलटे. वशिंडाच्या भारतीय गाईंत बहुतेक पहिलेच रूप आढळते. आमचा दूधवाला होल्स्टीन संकराचे दूध आणत असेल, तर साय पातळ धरण्यात त्याचा काय दोष?

असो. घरात वाद पेटला होता. मुलाला जर्सीची रेतमात्रा हवी होती; वडिलांना नांगराला बैल. मध्यस्थी माझ्याकडे आली. मी विद्वत्तेने विचारले, “जर्सीचे रेतन केले की ही गाय किती दूध देईल?” बापलेक दोघेही हसले. गाय आपलेच दूध देणार! अर्धा वारसा जर्सीचा आला तर तिच्या कालवडीत येणार, आणि ती कालवड विऊन दुधाला यायला तीनेक वर्षे. मराठीच्या प्राध्यापकाने गोठ्यात तोंड उघडू नये हेच खरे.

अखेर तडजोड झाली. एका गाईला जर्सीची रेतमात्रा, दुसरीला गावचा कठाणी वळू. कालवडीच होण्याची शक्यता खूप वाढवणाऱ्या रेतमात्राही हल्ली मिळतात. पण आम्ही साधीच वापरली.

पुढच्या पावसाळ्यात फोनवर छायाचित्र आले. जर्सीपासून झाला तो गोऱ्हा. दुधाचा वारसा त्याच्यातही आहे, पण कास नाही! मागून म्हाताऱ्याचा आवाज ऐकू आला, “गुरुजी, वशिंड तं दिसतच नाही. ह्याच्या मानेवर जू कुठं ठेवू?”